पान चार

मोचेमाडकरांच्या तीन चौकटी यायच्या पान चारवर,
निधनवार्तांखाली, भरती-ओहोटीच्या वेळांना खेटून.
पहिलीत आमदार जेटीचा नारळ फोडायचे.
दुसरीत तोच नारळ, पुढचं साल.
तिसरीत नुसती कुर्ली,
कोनशिलेआडून तिरकी निघालेली.

एकतीस वर्षांत तिला एक शब्द दिला नाही काकांनी.
आमदारांनी मूळ चित्र मागवलं, दिवाणखान्यात लावायला,
तो आठवडा मात्र त्यांचा हात कागदावर टेकेना.

मग एका बुधवारी
वेंगुर्ल्याच्या बाजारातून बांगडे आले
त्याच पानात गुंडाळलेले.
एकाच्या ओल्या पोटावर, उलटं उमटलेलं,
आमदारांचं नाक.
काकी नळाखाली धरणार
तर काका वाकून, चष्मा पुसत:
"धुऊ नको गो.
तसोच तळ."