भार झुलतो तेव्हा

पडद्यावर सहा जण उभे.
श्वास घेतल्यासारखे खांदे हलवत,
कोणीतरी आपल्याकडे बोट दाखवेल याची वाट बघत.
बंदरावर सकाळी मजूर उभे राहायचे, तसेच.

विज्मा म्हणते, बाबा, घाई नाही,
नंतर बदलता येतो.
या वाक्यावर आम्ही दोघंही जरा थांबतो.

बाहेर लिएपायाचा वारा
शेजारच्या ओयार्सचं फाटक आपटतोय.
माझा उजवा हात मांडीवर आहे.
मीच उचलून ठेवलाय तिथे, जेवण झाल्यावर.

सात वर्षांपूर्वी क्रेनच्या शिडीवर बर्फ होता.
पाय सुटला. हात सुटला नाही.
सुटला असता तर एखादं हाड मोडून भागलं असतं.
त्यानं धरून ठेवलं,
आणि खांद्यातल्या नसा उपटून आल्या
गाजरं उपटावीत तशा.
आता तो हलत नाही, पण जळतो.
रात्री दीडला, नेमका.

तर, धनुर्धारी.
मागे पळत पुढे बाण मारायचे:
पळायला एक हात, नेम धरायला दुसरा.
नको.
चोर. एका दमात अकरा बटणं.
माझी पाच बोटं, त्यातला अंगठा आधीच कामाला जुंपलेला.
वैद्य होऊन पाहिलं दोन संध्याकाळी.
चार जण माझ्या डोळ्यांदेखत गेले.
पाचव्याकडे पोचलो तेव्हा तो मेलेलाच होता,
आणि वर मलाच सॉरी म्हणाला.
त्या रात्री कोणाला न सांगता मशीन बंद केलं.

उरला आवाहक.
हा स्वतः मागे उभा राहतो.
दगडाचा एक राक्षस लढतो त्याच्यासाठी.
विज्मा म्हणाली, हा तुम्हाला सोयीचा पडेल.

सोयीचा.
ओळखतो मी या शब्दाला.
चिकटपट्टीचे बूट सोयीचे.
कापूनच मिळणारा राईचा पाव सोयीचा.
गोदामाच्या दारातली खुर्ची, जिथे दिवसाला नऊ ट्रक येतात,
तीही सोयीचीच.

पण पोरीनं आईच्या शिलाई मशीनचं पेडल काढून
तारा जोडून टेबलाखाली बसवलं होतं,
मला औषधाची बाटली पायानं पिता यावी म्हणून.
तिच्या नखांत अजून काळं तेल होतं.
मी म्हणालो, बरं.

राक्षस मंद होता.
हुकूम दिल्यावर तीन मोजावे, तेव्हा कुठे मूठ खाली यायची.
पर्नूचा तानेल हसला: आजोबा, याला उठवा की कोणीतरी.
मी मात्र खुर्चीत ताठ बसलो.

एकवीस वर्षं मी दुसरं काय केलं?
काचेच्या पेटीत, ढगांच्या जरा खाली,
दोन बोटांनी दांडा हलवायचा,
आणि खूप नंतर, खाली कुठेतरी,
वीस टन लोखंडानं ते मनावर घ्यायचं.

भार झुलतो तेव्हा त्याला ओढायचं नसतं.
तो जातो तिकडेच आपण जायचं,
किंचित आधी पोचायचं.
मग तो निमूट लोंबतो,
रुसलेलं पोर कुशीत यावं तसा.

दलदलीतली राणी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.
चारदा तिनं आम्हाला चिखलात घातलं.
पाचव्यांदा मी मूठ टाकली
जिथे कोणीच नव्हतं.
चुकलात! तानेल ओरडला.
एक.
दोन.
मग ती तिथे आली.

कानांत शांतता.
मग कौनासची दैवा, रात्रपाळीवरची नर्स,
वॉर्ड जागा होऊ नये म्हणून तोंड दाबून हसली.
तानेलनं विचारलं, कसं कळलं?

मी लिहायला घेतलं. डाव्या हातानं,
एकेक अक्षर हुडकत: क्रेनवर असताना
तेवढ्यात सगळे पुढच्या दारातून आत गेले.

वळून पाहिलं.
राक्षस थांबला होता.
मी निघाल्याशिवाय तो निघत नाही.

पेडल पायाला गार लागत होतं.
दीड वाजायला आला होता.