लाल पट्टीची सिरिंज

रात्री पावणेतीन. परळ.
टेबलावर भालचंद्र चिंदरकर, वय एकावन्न,
लिफ्टदुरुस्तीचं काम.
चाळीस दिवसांपूर्वी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये
त्यांनी दुसऱ्या मजल्याचं दार सरकवलं
आणि आत लिफ्ट नव्हती.

छातीच्या मध्यापासून खाली तेव्हापासून काहीच नाही.
परवा आतडं फुटलं
तरी पोट गप्प.
दुखला फक्त उजवा खांदा,
आणि बायको दोन दिवस बाम चोळत राहिली.
ती बाहेर बाकावर आहे. बाटली अजून तिच्या पिशवीत.

किर्दकने औषधं भरून ठेवलीत.
पोट भरलेलं, नळी झटपट घालायला हवी,
म्हणून त्याने परीक्षेतलं बरोबर उत्तर भरलंय:
स्कोलीन, शंभर मिलिग्रॅम, लाल पट्टी.
मिनिटात स्नायू सैल, पाच-सात मिनिटांत परत ताब्यात.
मी विचारते, पडून किती दिवस झाले?
चाळीस, मॅडम, म्हणतो.
आणि स्वतःचाच आकडा ऐकून थांबतो.

चिंदरकर जागे आहेत, सगळं ऐकताहेत.
"त्या पायांचं काय, बाई. ते आता माझे नाहीतच.
त्यांना काय व्हायचं राहिलंय?"

कसं सांगू, मेलेले नाहीत ते.
वाट बघताहेत.
वरून हाक यायची बंद झाली
म्हणून स्नायू झोपत नाही.
दाराशी एकच बेल होती त्याच्या.
आता तो दिसेल तिथे बटणं बसवत सुटतो,
जिन्यात, मोरीत, गच्चीच्या कठड्यावर,
न जाणो, कुठून कुणी दाबेल.
चाळीस दिवस हेच चाललंय
दोन्ही मांड्यांत, पोटऱ्यांत, रात्रंदिवस, आवाज न करता.
आणि हे औषध म्हणजे
ती सगळी बटणं एका क्षणी दाबणारा हात.
सगळी दारं उघडतात.
आतलं पोटॅशियम लोंढ्याने रक्तात,
रक्तातून हृदयाकडे,
पडद्यावरच्या लाटा आधी टोकदार, मग रुंद,
मग त्यांना लाटा म्हणता येत नाही.

पाहिलंय मी. एकोणीस वर्षं झाली.
अर्धांगवायूची बाई होती. नाव आठवतं, सांगत नाही.
पाऊण तास छाती दाबली आम्ही.
सिरिंज माझ्या हातातली होती.

त्यांना एवढंच म्हणते,
तुमचे पाय अजून ऐकतात, चिंदरकर. जरा जास्तच ऐकतात.
ते हसतात. "म्हणजे वायर तुटली तरी
पॅनलमध्ये करंट आहे."

मी ती सिरिंज ट्रेमध्ये बाजूला ठेवते.
मग पुन्हा उचलते आणि टाकून देते.

दुसरं औषध आहे. त्याचीही पट्टी लालच.
तेही जवळजवळ तितकंच वेगवान,
पण एकदा दिलं की तासभर मागे फिरता येत नाही.
मागे फिरवणारी शेवटची बाटली
सोमवारी वापरली. मागणीचा कागद कुठल्याशा टेबलावर आहे.
नळी गेली नाही तर
हे वाक्य थिएटरमध्ये कुणी पूर्ण करत नाही.

किर्दक स्टिम्युलेटरच्या तारा पायाला चिकटवतोय,
तिकडे जागा मोकळी म्हणून.
पायाला नको रे. पाय खोटं बोलेल.
औषध पोचलं तरी पोचलं नाही म्हणेल,
आणि आपण देत राहू.
मनगटाला लाव,
जिथून हा माणूस आजही पाना धरू शकतो.

मास्क. डोळे मिटले.
अंगठा चारदा हलला. मग तीनदा, हलकेच.
मग एकदा, असं वाटलं.
मग हात नुसता हात.

नळी गेली. तीन एकोणीस.
सर्जनने सुरी मागितली आणि रेडिओ लावू का विचारलं,
कुणीच उत्तर दिलं नाही.

मध्ये दोन मिनिटं बाहेर आले.
ती उठून उभी राहिली, पिशवी पोटाशी धरून.
पायांचं विचारलं नाही, पोटाचंही नाही.
म्हणाली, खांदा थांबला का त्यांचा?