मयताचं काम

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजात शूटिंग आलं
आणि मला मिळालं मयताचं काम.
उंची बरी, अंगावर मांस कमी, उचलायला सोपा,
असं म्हणत असिस्टंटनं मला खांद्यावर घेऊन बघितलं
गॅसच्या टाकीसारखं.
रोजचे आठशे, वर मिसळ.
अट एकच, हलायचं नाही.

गोष्ट अशी की ग्रुप प्रोजेक्ट चौघांचं,
एक कमी तर चौघेही नापास,
आणि मुकुल सबमिशनच्या आदल्या रात्री मरतो.
मुकुल म्हणजे मी.
उरलेले तिघं मला गॉगल लावून
वर्गावर्गातून फिरवतात.
व्हायव्हाला एक्स्टर्नल तीन प्रश्न विचारतो.
मी गप्प.
'निदान चुकीचं तरी बोलत नाही,' म्हणतो
आणि पास करतो.
पुढे कॉफीच्या मशीनमध्ये राख पडते
तो सीन मी आईला सांगितलेला नाही.

शूटिंगला माझ्या ओठावर माशी बसली
तर डायरेक्टर आनंदानं ओरडला,
'माशी ठेवा!'
माशीला काय ठेवणार,
ती तिच्या मर्जीनं बसली आणि उठली.

पहिल्या शुक्रवारी कॉलेज रोडला आख्खी बॅच.
ओजस पिंगळे माझ्या प्रत्येक एंट्रीला शिट्टी मारत होता,
म्हणजे मला जिथं जिथं आणून टाकलं तिथं.
अण्णा अमरधामवरून ड्युटी संपवून थेट आलेले,
शर्ट बदललेला, बोटांवर कार्बनची निळाई तशीच.
लग्नाकार्यात कोणी विचारलं
तर ते म्हणतात, महापालिकेत असतो, नोंदणी खात्यात.
त्यांना मी एवढंच बोललो होतो, कॉमेडी आहे.

राखेच्या सीनला धनश्री गायधनी उठून गेली.
तिच्या काकांच्या अस्थी
मागच्याच सोमवारी रामकुंडात सोडलेल्या.
मला ते माहीत होतं.
तिकीट मीच काढून दिलं होतं.

थिएटर हसत होतं, खुर्च्या हलत होत्या,
अण्णा पडद्याकडे कामाचं बघावं तसं बघत होते.
'अंगठे बांधले नाहीत,' म्हणाले.
थोड्या वेळानं, 'मान अशी राहत नाही,
ताठते.'
पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं.

मग तो साधा सीन, ज्यात विनोदही नव्हता धड.
मॅडम हजेरी घेतात, मुकुल म्हणतात,
आणि मागून कोणीतरी माझ्या वतीनं, 'हजर.'
अण्णा हसले.
आख्ख्या थिएटरात एकटेच,
ठसका लागेपर्यंत,
मी पाठीवर थापट्या मारेपर्यंत.

पार्किंगमध्ये स्कूटरला किक मारायची सोडून म्हणाले,
मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला होता, तुझ्याएवढा.
आईबाप जळगावहून निघालेले, पोचायचे होते.
सोबत नुसते मित्र, कॉलेजच्याच बॅगा अडकवून.
मी वही उघडली, नाव विचारलं.
एकानं नाव सांगितलं
आणि मागून दुसऱ्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,
'प्रेझेंट, सर.'
पोरं हसायला लागली रे.
थांबेचनात.
मीपण हसलो, हातात पेन.
मग त्यातला एक खाली फरशीवरच बसला.

मी म्हणालो, अण्णा, पिक्चर घाणेरडाच आहे.
'आहेच की,' म्हणाले,
आणि किक मारली.

गाडगे महाराज पुलावर गार वारं लागलं.
खाली नदी दिसत नव्हती, तिचा वास येत होता.
दोघंही काही बोललो नाही.

घरी आईनं ताटं घेत विचारलं,
कसं केलं यानं काम?
अण्णांनी भाकरी मोडली.
'चांगला मेला,' म्हणाले,
'पण कॅन्टीनमध्ये याला टेबलावर टाकतात ना,
तिथं एकदा पोट हललं.
कोणाच्या लक्षात आलं नसेल.
मला दिसलं.'
आणि ताटात बघत,
'बरं वाटलं.'