चार वाजून दहा

यंत्र परत येतं तेव्हा त्याला माणसाचा वास असतो.
इसाक परकारच्या यंत्राला गंजाचा होता,
ग्रीसचा,
आणि किंचित सुक्या सोड्यांचा.

तीन दिवस ते छातीला बांधून
तो हिद्दच्या गोदीत जहाजांची पोटं खरवडत होता.
सोबत वही. धडधडलं की लिहायचं,
तेव्हा काय करत होतात तेही.
त्याची अक्षरं शाळकरी, गोल:
"दुपारी शिडी चढलो. काही नाही.
फोरमन ओरडला. काही नाही.
पहाटे जाग आली, पाणी प्यालो. काही नाही."

पडद्यावर शिडीला खरंच काही नाही.
फोरमनलाही नाही.
चार वाजून दहाला मात्र
रेघ विस्कटते,
फुटक्या पिशवीतून हरभरे सांडावेत तसे ठोके,
दोन चिकटून, एक कुठच्या कुठे,
आणि चौतीस मिनिटांनी पुन्हा ओळीत,
जणू कुणी पाहिलंच नाही.
रविवारी. सोमवारी.
मंगळवारी चार बारा.

मुहर्रकमध्ये तेव्हा काहीच घडत नसतं.
अजानीला अवकाश. एसी बंद असण्याचे दिवस.
एका खोलीत सहा माणसं, सहा कुशी.
डॉक्टर कुरुविला म्हणाले, व्हेगस नस.
झोपेत ती लगाम ओढते,
काही हृदयं नेमकी तेव्हाच उधळतात.
गोळी रात्री द्या.
बरोबर आहे. मी तसं टाइप केलं.

पण अडीच तास मिळवून पाहिले,
इथे आम्ही सगळेच मिळवतो, नकळत.
सहा चाळीस.
वही तपासताना विचारलं,
परकारभाई, गावाला सहा चाळीसला काय असतं?
तो बराच वेळ शर्टाची बटणं लावत राहिला.
"खाडीतली पहिली तर सुटते.
दोर मीच सोडायचो. सात वर्षं."

हे अहवालात लिहिलं नाही.
अहवालात त्याला रकाना नाही.

महिन्याने पुन्हा यंत्र. पुन्हा तीन रात्री.
चार दहाला रेघ सरळ, नीट विंचरलेली.
मी कौतुकाने कागद त्याच्यापुढे धरला.
त्याने चार दहावर बोट ठेवलं,
ठेवूनच राहिला.
"बरं झालं," म्हणाला.
मग दाराशी थांबून, चपला शोधत,
"आता मधे जागच येत नाही, बाई.
गजर होतो
आणि थेट गोदी."