शून्य ते शंभर

या, हात लावून बघा. हात लावायचे पैसे नाहीत.
रुस्तावीच्या या बाजारात अशा हजारो उभ्या आहेत,
पण हिची खांद्याची रेघ बघा:
पुढच्या दिव्यापासून निघते, दारांवरून चालत जाते
आणि मागच्या चाकाशी जराशी उचलते,
उठायच्या बेतात असलेल्या मांजरासारखी.

असं मी म्हणालो. मी रोज असंच म्हणतो.

बाई बारिसाखोहून आलेली. त्सिआला.
पायांत रबरी बूट, गळ्याला लोकरी रुमाल,
पर्स नाही. नोटा कुठे ठेवल्यात ते कळत नव्हतं.

मी बोनेट उघडलं. दीड लिटर, टर्बो.
जीप नव्हे, साधी मोटारही नव्हे, मधलं काहीतरी.
बसायला वाकावं लागत नाही, चढावं लागत नाही,
सीट कमरेला येते, नुसतं टेकायचं.
पोटाखाली वीतभर मोकळी जागा, दगड खुशाल येऊ देत.
चिखल लागला तर चारही चाकं ओढतात,
एरवी पुढची दोन राबतात
आणि मागची दोन जावयासारखी येतात.
मागची सीट आडवी केली की पिठाची सहा पोती.
सीटला ऊब, छताला काच, उलटं जाताना कॅमेरा.
शून्य ते शंभर, नऊ सेकंद.

"शंभर?" ती म्हणाली.
"आमच्याकडे चाळिसाला देवाचं नाव घेतात."

मग तिने खिशातून चुंबक काढलं.
फ्रिजवरचं. बातुमीचा डॉल्फिन, शेपूट तुटलेलं.
बोनेटवर: टक्.
डावी दोन्ही दारं: टक्, टक्.
उजव्या पुढच्या दारावर डॉल्फिन जरा थांबला,
घसरला,
आणि चिखलात पडला.
तिथे लोखंड नव्हतं. तिथे तेमूरचे तीन दिवस होते,
पुट्टी, पॉलिशपेपर आणि सिगारेटी.

"कितीची धडक?"
"हळू," मी म्हणालो. "पार्किंगमध्ये."

लिलावाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता.
उजवी बाजू चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी,
आणि खिडकीतून लोंबणारी पांढरी उशी.
किल्ली फिरवली की पडदा अजून लिहितो:
मेलिंडाचा फोन शोधत आहे.
शोधतो, शोधतो, मग गप्प होतो.
आम्ही ते पुसलं नाही. पुसता आलं नाही.

उशी परत घातली नाही. उशी महाग असते.
वरचं झाकण मात्र नवं, शिवण सुद्धा सरळ.
धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून
तेमूरने आत डाळीएवढा एक रोधक डकवलाय.
गाडीला वाटतं, उशी आहे.

सातशे डॉलर उतरवले. डॉल्फिनचे सातशे.
नोटा बुटातून निघाल्या, उबदार, ओलसर.
ती मोजत असताना मी विचारलं,
का विचारलं कोण जाणे, कधी विचारत नाही,
"उजव्या सीटवर कोण बसतं?"

"चीज," ती म्हणाली. मान वर केली नाही.
"पट्टा लावून."

मी हसलो. खूप दिवसांनी इतकं मोकळं हसलो,
टाकी पाव भरून दिली, वरून पायपोस फुकट.
तेमूरला म्हटलंही, चीजच बसणार आहे तिथे.
तो म्हणाला, कुठे?

गाडी फाटकापर्यंत गेली आणि लाल दिवे लागले.
खांबाला टेकून एक पोरगा सूर्यफुलाच्या बिया खात होता,
आठेक वर्षांचा, टोपी मोठ्या माणसाची.
तिने आतून हाक मारली: बाचाना!
त्याने हात झटकले, उजवं दार उघडलं,
वाकला नाही, चढला नाही,
नुसता टेकला.

मी ओरडलो. मग धावलो,
चपलांनी, दोन रांगांच्या मधून,
मोठ्यांदा काय ओरडत होतो ते आठवत नाही,
बहुतेक "चीज".

तिने आरशात बघितलं असेल, नसेलही.
पुढे रस्ता मोकळा होता, सरळ, कोरडा,
आणि बाई पहिल्यांदाच शहरातल्या रस्त्यावर,
देवाचं नाव न घेता.

नऊ सेकंद.
त्या बाबतीत मी खोटं बोललो नव्हतो.