आठ मीटर, साठ मिलिमीटर

लांबी एवढीच. मी मोजली आहे,
भोसरीच्या शेडमधल्या वीस अंशांच्या खोलीत,
मे महिन्यात, स्वेटर घालून.
बाहेर पिंपळखरे साहेब घामाघूम,
काचेवर बोट वाजवून विचारतात, झालं का?
नळी काही बोलत नाही. मीही नाही.
पोलाद आधी निवायला हवं.

तोंडातून हात घातला तर खांद्यापर्यंत जातो.
पुढे दांडी, दांडीवर दिवा, दिव्यामागे आरसा.
आत अठ्ठेचाळीस खाचा, उजवीकडे वळत गेलेल्या,
सुतळी काढून घ्यावी
आणि नुसता पीळ मागे ठेवावा तशा.
गोळा त्यातून फिरत जातो, म्हणून पुढे डगमगत नाही.
गोळा म्हणजे घरातला भरलेला सिलिंडर
आणि वर अजून अर्धा.

तिला घडवतानाच आतून दाबतात,
इतकं, की पोट कायमचं ताणलं जातं
आणि बाहेरचे थर जन्मभर आत रेटत राहतात.
म्हणजे पहिला बार उडायच्या आधीच
ती बार सोसून बसलेली असते.
ट्रेनिंगमध्ये हे फळ्यावर काढून दाखवलं होतं.
मी वहीत उतरवलं.
परीक्षेला आलं नाही.

धक्क्याचंही तसंच. गोळा पुढे सुटला की ती मागे येते,
पावणेदोन हात;
तेल तो धक्का गिळतं, नायट्रोजन आवळून धरतो
आणि मग हळूच तिला जागेवर नेऊन ठेवतो.
काही झालं होतं हे कुणाला कळतही नाही.
सासरी सोळा वर्षं मी याच तत्त्वावर काढली.
पेटंट दुसऱ्याच्या नावावर आहे.

पलीकडच्या शेडमध्ये अल्लाबक्ष तिला क्रेनवरून उतरवतो
पन्नास टनांच्या गाडीवर. उतरवताना
तिच्याशी बोलतो, बाळंतिणीशी बोलावं तसं,
सावकाश, सावकाश.
खाली पट्टे, मागे दार,
आत पाच माणसांना जेमतेम जागा,
आणि गोळा उचलून देणारा एक लोखंडी हात.
थांबायचं, मारायचं, निघायचं;
उत्तर येईपर्यंत जागा रिकामी.
वर्धापनदिनाला साहेब याला गनिमी कावा म्हणाले.
टाळ्या पडल्या. सामोसे गार झाले होते.

त्याच दिवशी कॅन्टीनच्या पडद्यावर चाचणी दाखवली.
तीन बार. पहिला उंच, दुसरा त्याखालून,
तिसरा आणखी खालून.
मधे काही सेकंद. आणि पोचले तिन्ही एकदम,
वेगवेगळ्या गाड्यांनी निघालेले भाऊ
एकाच वेळी दारात उभे राहावेत तसे.
कुणीतरी शिट्टी मारली.
मी दार शोधत होते. मैदानात कुठलं दार.
धूळ होती, ती बराच वेळ खाली बसेना.

ती परत आली तेव्हा आत काजळी,
मुळाशी खाचांची धार गेलेली,
दोन केसांएवढी झीज.
दिवा पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. आकडा तोच.
रजिस्टरला लिहिला, खाली सही: हे. र. कुदळे.

मालन, माझी धाकटी बहीण, मंचरला असते,
बटाट्याच्या आडतीशेजारी.
परवा फोनवर म्हणाली,
तुमची ती तोफ किती लांब जाते गं?
म्हटलं, चाळीस किलोमीटर.
म्हणजे आमच्यापर्यंत?
मी पोरीच्या शाळेचा नकाशा काढून पट्टी ठेवली.
सरळ रेषेत जवळजवळ तेवढंच.
वेळ किती लागतो?
दीडेक मिनिट.
ती हसली. मग तू एसटीनं कशाला येतेस, म्हणाली,
आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

मी पट्टी तशीच राहू दिली.
तिच्या शून्याचं टोक भोसरीवर होतं.