एक्स कुठेच लिहिलेला नसतो

कसबा बावड्याच्या अलीकडं, उसाच्या बांधाला लागून
चुन्यानं आखलेलं वीस बाय चाळीसचं मैदान.
कडेनं वाळू भरलेले तेलाचे आठ डबे,
प्रत्येकावर ऑइलपेंटनं काढलेलं एक इंग्रजी अक्षर:
ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ.
हा क्रम कुणी लावला
ते दफेदार सावेकरांनाही ठाऊक नाही.
"पाठ कर. पाढ्याला कधी का म्हणून विचारलंस?"

आणि एक्स डब्यावर नसतो.
तो मधोमध असतो, मातीत.
तिथं काहीच नसतं.
तिथं जाऊन थांबायचं, चारी पाय चौरंगासारखे,
लगाम एका हातात, मान लववून सलाम.

मी यास्मिन नालबंद.
मी आलो, मी गेलो, असंच बोलतो.
कोल्हापुरात पोरी असंच बोलतात.
पुण्याच्या परीक्षक बाईंना दर वेळी हसू येतं.
काकव्याला येत नाही.

कागदावर त्याचं नाव भलतंच आहे, रेसकोर्सचं.
रंग मात्र काहिलीतल्या काकवीचा,
उतरवायच्या जरा आधीचा.
सहा वर्षं एकाच हाताला पळाला;
डावीकडं वळ म्हटलं की
अख्खा घोडा फळी.
महिनाभर मी त्याच्यावर चिडलो.
मग सावेकर म्हणाले, "घोडा सरळ आहे.
तुझा उजवा खांदा पडलाय."

पडणारच.
सातवीपासून अब्बांची पिशवी त्याच खांद्यावर,
हातोडा, पक्कड, कानस, खिळ्यांचा डबा,
वरातीच्या घोड्यांच्या दारोदार.

मी खांदा उचलला.
त्यानं मान सोडली.
आधी कुणी, ते सांगता येणार नाही.
एवढंच आठवतं, एका सकाळी डावीकडं बघितलं
आणि आम्ही डावीकडं होतो.

स्पर्धेचा रविवार. मागून आणलेला काळा कोट,
बाहीला आतून दोन सेफ्टी पिना.
सी-च्या मागं मांडवात परीक्षक, पाण्याच्या बाटल्या,
पलीकडून उसाचा ट्रॅक्टर, गाणी फुल्ल लावून.
काकव्यानं एक कान तिकडं दिला,
दुसरा माझ्याकडं ठेवला.

दुडकी दोन ठोक्यांची असते.
टक् टक्. टक् टक्.
के ओलांडला, ई ओलांडला.
एच-च्या कोपऱ्यात ऐकू आलं:
टक् टक्. टक् टकच्.

कुणालाच नाही आलं.
बाईंनी मान खाली घालून काहीतरी बरं लिहिलं असावं.
सावेकर कुंपणाला टेकून हसत होते.
आणि काकव्या लंगडला नाही,
पाठ आखडली नाही, शेपूट उडवलं नाही.
मी म्हणालो चल, म्हणून चालत होता.
मला तेच सोसेना.

एम-कडून तिरपं जायचं होतं के-पर्यंत.
मी निम्म्यातच श्वास सोडला, फक्त श्वास,
आणि तो थांबला.
चारी पाय चौरंगासारखे, पहिल्यांदाच,
जिथं काही लिहिलेलं नसतं तिथं.
मी सलाम केला आणि उतरलो.
घंटा वाजली ती माझ्या पाठीवर.
तोवर त्याचा मागचा पाय माझ्या मांडीवर होता,
पांढऱ्या, उसन्या ब्रीचेसवर शेणमातीचा गोल.

गुणपत्रिकेवर खाली लाल शाईत: बाद.
वर, आधीच्या ओळीत: साडेसहा. ऐकतो.
कोण ऐकतो, ते लिहिलेलं नाही.

परतताना मी चालतच आलो, त्याच्या बाजूनं.
ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं त्यानं उचललं,
माझ्या कोटावर सगळा रस.

अब्बा दारातच बसले होते.
निकाल विचारला नाही.
"कुठला खिळा?"
"मागचा डावा. बाहेरून तिसरा."
त्यांनी वाकून, अंगठ्यानं चाचपून बघितलं,
मग बराच वेळ खूर तसाच धरून
दुसऱ्या हातानं
हातोडा माझ्याकडं केला.